सहाव्या महिन्यात दादर ते भूज

"हजरत हाजरांना अल्लाहच्या हुकमाने वाळवंटात जावं लागलं होतं. तुम्हाला कोणी हुकूम केलाय?"

सासूबाईंनी तांदूळ निवडता निवडता हा प्रश्न टाकला आणि लालबागच्या आमच्या खोलीत एकदम शांतता पसरली. अशी शांतता आमच्याकडे क्वचितच होते. सासू-सासरे, दीर, नणंद आणि आम्ही दोघे अशी सहा माणसे. भिंतीपलीकडे शेजाऱ्यांचा टीव्ही. खाली मसाला कुटणारी यंत्रे. आणि रात्री एकनंतरही उड्डाणपुलावरून जाणाऱ्या गाड्या. कुणाबद्दल तक्रार नाही. याच गजबजाटात सासूबाईंनी चार मुले वाढवली. पण मला सहावा महिना लागत होता आणि आम्हा दोघांना चार दिवस कुठेतरी निवांत राहायचे होते.

त्याला कारण होते. वर्षभरापूर्वी दहाव्या आठवड्यात आमचे पहिले बाळ गेले होते. घरातल्यांनी सांभाळून घेतले, दुआ केल्या, "अल्लाहची मर्जी" म्हणून समजूत घातली. पण आम्ही दोघे त्या गोष्टीवर एकमेकांशी कधी नीट बोललो नाही. बोलणार कुठे? खोलीत शक्य नव्हते. रविवारी गिरगाव चौपाटीवर जाऊन बसायचो, तर पाच मिनिटांत फुगेवाला यायचा, दहा मिनिटांत कुणीतरी ओळखीचे भेटायचे. मग भेळ खाऊन परत.

अशा सहलीला हल्ली बेबीमून म्हणतात. शब्द नवा आहे, गरज जुनी असावी. आपल्याकडे पहिल्या बाळंतपणाला मुलगी माहेरी जाते, तिला विश्रांती मिळते; पण त्यात नवरा कुठेच नसतो. तो फक्त डब्याची आणि औषधांची ने-आण करतो.

सुरुवातीला आमच्या घरधन्यांच्या डोक्यात दुबई होती. तिथे मावसभाऊ आहे आणि वाळूच्या टेकड्यांवरून गाड्या उडवणारी सफारी. ती गरोदर बाईसाठी नाहीच, हे ऐकल्यावर दुबई मागे पडली. जैसलमेरच्या वाळूतही जीप आणि उंट यांशिवाय फारसे काही करण्यासारखे नाही, म्हणून तेही गेले. महाबळेश्वरचा घाट चढताना मला एरवीही मळमळते. रत्नागिरीला गाव आहे. पण गावी गेलो की विश्रांती कसली, रोज एका घरी दावत! शेवटी कच्छ निघाले, आणि ते निघाले एका साध्या कारणाने. भूजला जाणारी सयाजीनगरी एक्सप्रेस तेव्हा दादरहून सुटायची. दादर आमच्यापासून टॅक्सीने पंधरा मिनिटांवर. गाडी बदलायची नाही, घाट नाही. दुपारी बसायचे आणि पहाटे भूज.

कच्छ मुंबईकर मुसलमानाला तसे परके नाही. कच्छी मेमन आणि खोजा कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या या शहरात व्यापार करत आहेत, त्यांच्या जमाती आहेत. आम्ही कोकणी मात्र समुद्राकडे तोंड करून राहणारे. वाळवंट आम्हाला फक्त कुरआनमधल्या किश्श्यांतून माहीत.

परवानगी मात्र सासूबाईंच्या आधी डॉक्टरांची हवी होती. माझे नाव परळच्या वाडियात घातलेले आहे. नौरोसजी वाडिया प्रसूतिगृह 1926 साली सुरू झाले ते मुख्यतः गिरणी कामगारांच्या बायकांसाठी, आणि आमच्या घरातली ही दुसरी पिढी तिथे जाते आहे. डॉक्टरबाईंनी सोनोग्राफी पुन्हा पाहिली. वार खाली नाही ना, पिशवीचे तोंड नीट मिटलेले आहे ना, रक्तदाब कसा आहे, हिमोग्लोबिन किती. 14 ते 28 आठवड्यांचा काळ प्रवासाला त्यातल्या त्यात बरा, असे त्या म्हणाल्या. सुरुवातीची मळमळ संपलेली असते आणि शेवटचे अवघडलेपण आलेले नसते. रक्तस्राव होत असेल, जुळे असेल, पिशवीला टाका घातलेला असेल किंवा आधी वेळेपूर्वी प्रसूती झाली असेल, तर मात्र घरी बसायचे. "पहिलं गेलं होतं म्हणून आता हलायचंच नाही, असं काही नाही," असेही त्यांनी सांगितले. ते वाक्य मी त्यांना पुन्हा एकदा सासूबाईंसमोर म्हणायला लावले. त्या माझ्याबरोबर दवाखान्यात आल्या होत्या ते बरे झाले.

मग खरे नियोजन सुरू झाले. ह्यांनी कागदावर काय काय बघायचे याची यादी केली होती: काळा डुंगर, धोलावीरा, मांडवीचा किनारा, हाजीपीर, आयना महाल. मी तो कागद उलटा केला आणि मागे एकच गोष्ट लिहायला सांगितली. प्रत्येक ठिकाणापासून मोठे रुग्णालय किती लांब? त्या एका प्रश्नाने निम्मी यादी गळाली. धोलावीरा गेले, हाजीपीर गेले. मुक्काम भूजमध्ये, आणि फक्त एक रात्र रणाजवळच्या होडको गावात, म्हणजे भूजपासून साधारण साठ-पासष्ट किलोमीटर. रस्ता डांबरी आणि सपाट. एवढे अंतर डॉक्टरांनाही चालणार होते आणि माझ्या मनालाही.

रेल्वेत गरोदर बाईसाठी खालच्या बर्थची सोय आहे. त्यासाठी डॉक्टरचा दाखला घेऊन तिकीट खिडकीवर जावे लागते. ह्यांचे तिकीट वेगळे काढावे लागले, पण डबा एकच मिळाला. सामान थोडे होते. वाडियाची फाईल मात्र हातातल्या पिशवीत, ट्रंकेत नाही. त्यात सोनोग्राफीचे रिपोर्ट, रक्तगट, लोहाच्या आणि कॅल्शियमच्या गोळ्या. सासूबाईंनी वर खजूर ठेवले, आयतुल कुर्सी पढायची आठवण दिली आणि मगरिबनंतर उघड्यावर फिरू नका असे बजावले. दादरच्या फलाटावर त्या ह्यांना शेवटी म्हणाल्या, "तिला चालवू नकोस फार." एवढेच. पण पदराने डोळे पुसले.

गाडीत दर दोन तासांनी उठून मी डब्यातून एक फेरी मारायची, पाय सुजू नयेत आणि रक्त साकळू नये म्हणून. बोरिवली, वापी, सुरत. आम्ही शाफई, त्यामुळे सफरमध्ये मगरिब आणि इशा जमा करून पढण्याची सवलत आहे. ती बसल्या जागी घेतली. हनफी बहिणींनी आपल्या आलिमांना विचारावे. अहमदाबाद कधी आले ते मला कळले नाही, मी झोपले होते. हे सांगतात की मी घोरत होते.

भूजला उतरलो तेव्हा अंधार होता आणि थंडी अशी की मुंबईची शाल कुचकामी ठरली. डिसेंबरात कच्छच्या रात्री फार गार, दुपार मात्र उबदार. खोलीवर जाऊन मी अकरापर्यंत झोपले. तो पूर्ण दिवस आम्ही काहीही केले नाही, आणि हे ह्यांना फार जड गेले. पैसे भरून नुसते बसायचे हे मुंबईकराला जमत नाही. शेवटी ते एकटेच बाहेर पडले आणि सरकारी रुग्णालय कुठे आहे, रात्री कोणत्या दरवाजाने जायचे, हे बघून आले.

त्यांनी परत येऊन सांगितलेली हकिकत मला आयना महालापेक्षा मोलाची वाटली. 26 जानेवारी 2001 च्या सकाळी पावणेनऊच्या सुमारास भूकंप झाला, तेव्हा भूजचे जुने जी. के. जनरल रुग्णालय कोसळले होते. त्याच्या जागी जे नवे बांधले ते रबर आणि शिशाच्या ठोकळ्यांवर उभे आहे, जमीन हलली तरी इमारतीला तो धक्का पुरता पोहोचू नये म्हणून. "आपल्या चाळीखाली काय आहे?" मी विचारले. "उंदीर," हे म्हणाले. बऱ्याच दिवसांनी आम्ही दोघे असे खळखळून हसलो.

संध्याकाळी हमीरसर तलावाच्या काठी बसलो. तिथेही फुगेवाला आलाच, पण ओळखीचे कुणी भेटले नाही.

दुसऱ्या दिवशी अर्धा दिवस अजरखपूर. भूजजवळचे हे गाव भूकंपानंतर वसले. अजरख छापणारे खत्री मुसलमान आधी धमडका गावी राहायचे. त्यांच्या पूर्वजांना कच्छच्या रावांनी सिंधमधून बोलावून घेतले होते. भूकंपानंतर धमडक्याच्या पाण्यात लोहाचे प्रमाण वाढले, आणि अजरखचा सगळा रंग पाण्यावर अवलंबून. म्हणून त्यांनी नवी जागा शोधली आणि गावाला आपल्या कापडाचेच नाव दिले. अरबीत अज्रक म्हणजे निळा, तिथूनच हे नाव आले असे मानतात. या गावातल्या इस्माइल मोहम्मद खत्री यांना इंग्लंडच्या डी मॉन्टफोर्ट विद्यापीठाने 2003 साली मानद डॉक्टरेट दिली.

मला खुर्ची दिली, सावलीत बसवले, आणि मी तासभर नुसती बघत होते. कापड आधी धुऊन हिरड्याच्या पाण्यात बुडवतात, त्याने ते पिवळसर होते. मग चुना आणि डिंकाचे मिश्रण लाकडी ठशाने लावतात. जिथे ते लागले तिथे रंग चढत नाही. काळ्यासाठी गंजलेले लोखंड गुळाच्या पाण्यात कित्येक दिवस कुजवतात. लालसाठी तुरटी आणि मंजिष्ठ, निळ्यासाठी नीळ. प्रत्येक पायरीनंतर धुणे, वाळवणे, थांबणे. एक कापड पुरे व्हायला चौदा-सोळा पायऱ्या लागतात. नीळ ज्या हौदात असते तिथला वास उग्र, त्यामुळे मी लांबच राहिले. गरोदरपणात नाक कुत्र्यासारखे तीक्ष्ण होते. बाळाला गुंडाळायला दोन मीटर मऊ सुती अजरख घेतले. जवळच श्रुजन संस्थेचे कच्छी भरतकामाचे संग्रहालय आहे. तिथे सावली, बसायला बाक आणि स्वच्छ बाथरूम, तिन्ही मिळाले. या अवस्थेत तिसरी गोष्ट पहिली मानावी.

कारण बाथरूमवरूनच पुढचा घोळ झाला.

तिसऱ्या दिवशी होडकोकडे निघालो. भूज-खावडा रस्त्यावर कर्कवृत्ताची पाटी लागते, तिथे ह्यांनी माझा पोटासकट फोटो काढला. पुढे भिरंडियारा. बन्नीच्या म्हशींच्या दुधाचा मावा इथे मिळतो, आणि सफेद रणाचा परवाना ओळखपत्र दाखवून इथेच निघतो. मावा चांगला आटवलेला, गरम असेल तर खावा. कच्चे दूध या दिवसांत टाळावे. चूक मी वेगळीच केली. वाटेत सोय कशी असेल याचा भरवसा नव्हता म्हणून सकाळपासून मी पाणीच कमी प्यायले. लोकलने नोकरीला जाणाऱ्या मुंबईच्या बायकांची ही जुनी सवय. वाळवंटात ती घेऊन जाऊ नये.

होडकोत मालधारी मुसलमान राहतात, मेघवाळांचीही घरे आहेत. गावकऱ्यांनीच चालवलेले शाम-ए-सरहद नावाचे राहायचे ठिकाण आहे. तिथे भुंगा म्हणजे गोल मातीचे घर, जाड भिंती, वर शंकूसारखे गवताचे छप्पर, आत भिंतीवर मातीची नक्षी आणि तीत बसवलेले आरसे. घर गोल असल्याने भूकंपाचा जोर एका कोपऱ्यावर येत नाही; 2001 मध्ये भूजच्या पक्क्या इमारती पडल्या, पण कितीतरी भुंगे उभे राहिले. दुपारी आत शिरले आणि जाणवले की आवाजच नाही. पंखा नाही, गाडी नाही. माझ्याच कानांत काहीतरी वाजते आहे असे वाटले.

शेजारच्या घरातल्या एक आपा भेटायला आल्या. त्यांची भाषा कच्छी, माझी हिंदी मुंबईची. सलाम आणि पोट, एवढ्यावर बोलणे पुढे सरकले. किती मुले, विचारले. पाच, त्यातली तीन हयात. पूर्वी बाळंतपणात काही अडले तर भूज गाठेपर्यंत काय होईल ते अल्लाहला ठाऊक, असे त्या म्हणाल्या. आता रस्ता आहे, 108 ला फोन केला की गाडी येते. मी माझ्या नियोजनाच्या कागदाबद्दल त्यांना सांगणार होते. नाही सांगितले. मी एका रात्रीपुरते जे अंतर मोजून आले होते, ते अंतर घेऊन त्या जन्मभर राहत होत्या.

धोरडोजवळच्या सफेद रणात आम्ही असरनंतर पोहोचलो. पावसाळ्यात इथे समुद्राचे आणि पावसाचे पाणी पसरते, हिवाळ्यात ते आटते आणि मीठ राहते. फोटोत दिसते तसे ते कोरडे ठणठणीत नसते. डिसेंबरात वरच्या पापुद्र्याखाली ओल असते आणि पाय किंचित रुततो. उंटगाडीला मी नको म्हटले. मनोऱ्याजवळच्या गर्दीपासून थोडेसेच दूर गेलो आणि ह्यांनी घडीची खुर्ची उघडली. मगरिबच्या वेळी किब्ला शोधायला झाड नाही, घर नाही. कच्छहून मक्का जवळजवळ सरळ पश्चिमेला येते, पण डिसेंबरात सूर्य पश्चिमेच्या बराच डावीकडे मावळतो. म्हणून तो बुडाला तिथून थोडे उजवीकडे तोंड करायचे. ह्यांनी मिठावर जानमाज अंथरली, मी खुर्चीवर बसून पढले.

नमाज झाल्यावर हे उठलेच नाहीत. तिथेच बसून म्हणाले, "गेल्या वर्षी मी दवाखान्याच्या जिन्यात रडलो होतो. तुला सांगितलं नाही."

मी म्हणाले, "मला वाटलं होतं तुम्हाला काही वाटलंच नाही."

आणखी बरेच बोललो. ते इथे लिहिण्यासारखे नाही. सासूबाईंनी मगरिबनंतर उघड्यावर थांबू नका म्हणून बजावले होते, तो शब्द मात्र मोडला.

त्या रात्री भुंग्यात पोट दगडासारखे घट्ट झाले. दोनदा, तीनदा. ह्यांचा चेहरा पांढरा पडला. ड्रायव्हरला उठवून ठेवले, फाईल काढली, डॉक्टरबाईंना फोन लावला. दुखते आहे का, रक्त आहे का, दिवसभरात पाणी किती प्यायलीस? तिसऱ्या प्रश्नाला मी गप्प. दोन-तीन ग्लास पाणी पी, डाव्या कुशीवर झोप, तासाभरात थांबले नाही तर सरळ भूज गाठायचे, असे त्या म्हणाल्या. चाळीस मिनिटांत पोट सैल पडले. अल्हम्दुलिल्लाह. ह्यांनी तरीही पोटावरचा हात काढला नाही, आणि पहाटेच्या सुमारास त्याच हाताला आतून एक लाथ बसली. मला ती पंधरा दिवसांपासून जाणवत होती. त्यांना पहिल्यांदा कळली.

सकाळी त्यांनी काळ्या डुंगरचे नावही काढले नाही. सावकाश भूजला परतलो, रुग्णालयात एकदा तपासून घेतले, सगळे ठीक होते. चौथा दिवस पुन्हा झोपेचा. परतीच्या गाडीत मी पाण्याच्या दोन बाटल्या संपवल्या आणि बोरिवलीपर्यंत सहा वेळा उठले.

घरी आल्यावर सासूबाईंनी मला वरपासून खालपर्यंत बघितले, नजर उतरवली आणि विचारले, "काय बघितलंत?"

"मीठ," हे म्हणाले.

"मीठ? मीठ तर वडाळ्यालाही होतं!"

रात्रीचा प्रकार आम्ही त्यांना दोन दिवसांनी सांगितला. त्या मलाच रागावल्या, पाण्यावरून. सासरे यात पडले नाहीत. ते लालबागच्या गिरणीत साच्यावर होते, 1982 च्या संपापर्यंत. त्यांनी अजरखचे कापड पिशवीतून काढले, खिडकीपाशी उजेडात नेले, अंगठा आणि बोटाच्या चिमटीत धरून चोळून पाहिले, मग उलटून मागची बाजू बघितली.

"दोन्ही बाजूंनी छापलंय," ते म्हणाले. "ठसा कुठे हलला नाही. हे दोनदा धुऊन घ्या, मग बाळाला घाला."